वाचक विचारतात : टुंड्रा हिरवा झाला तर बिघडलं कुठं?

मागच्या अंकात एक छोटी चौकट टाकली होती, की उत्तर ध्रुवाच्या भोवतालची टुंड्रा नावाची जी बिनझाडांची थंड जमीन आहे ती गेल्या चाळीसेक वर्षांच्या सॅटेलाइट फोटोंत हळूहळू हिरवी होत चाललीय. चारच ओळी होत्या, पण पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मिळून एवढे प्रश्न आले की या वेळचं सगळं पान त्यालाच दिलंय (मिरचीवरच्या किडीबद्दल विचारणाऱ्या संकेश्वरच्या मामांनी रागावू नये, पुढच्या खेपेला नक्की). प्रश्न थोडे कापलेत, भाषा ज्याची त्याची ठेवलीय, क्रम मात्र माझा, कारण पहिलं उत्तर वाचल्याशिवाय पुढची नीट कळायची नाहीत.

"ताई, मी बारावी सायन्सला आहे. भूगोलात होतं की टुंड्रात पाऊस आणि बर्फ मिळून वाळवंटासारखंच कमी पाणी पडतं. आणि त्याच धड्यात पुढं होतं की उन्हाळ्यात तिथं जिकडंतिकडं दलदल आणि तळी असतात. दोन्ही खरं कसं असेल? सरांना विचारलं तर म्हणाले परीक्षेला नाही ते." (विद्यार्थिनी, खानापूर तालुका)

परीक्षेला नसेल, पण सगळी गोष्ट इथूनच सुरू होते बघ. दोन्ही खरं आहे. टुंड्राच्या पुष्कळ भागात वर्षाला १५० ते २५० मिलिमीटर पाणी पडतं, म्हणजे आपल्या अथणीकडच्या कोरड्या पट्ट्यापेक्षाही कमी, तुमच्या खानापुरात तर जुलैच्या एखाद्या जोरदार आठवड्यात तेवढा पडून मोकळा होतो. पण तिथं पडलेलं पाणी खाली मुरायला वाटच नाही, कारण खालची जमीन कायमची गोठलेली. तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात, सलग दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ शून्य डिग्रीच्या वर न आलेली जमीन एवढीच तिची व्याख्या, आणि सायबेरियात काही ठिकाणी ही गोठण हजार मीटरच्याही खाली गेलेली आहे. उन्हाळ्यात फक्त वरचा थर सुटतो, कुठं वीतभर, कुठं कमरेएवढा, आणि गवताची मुळं, किडे, बुरशी, सगळ्यांचा संसार तेवढ्याच मातीत. वरून ऊनही तिरपं, त्यामुळं पाणी आटतही नाही फारसं. म्हणून पाऊस कमी आणि चिखल जास्त.

आता हवा तापली की तो सुटणारा थर खोल जातो. मातीत बर्फाच्या मोठाल्या पाचरी असतात त्या वितळल्या की वरची जमीन खचते, खड्डे पडतात, त्यात पाणी साचून नवीन डबकी होतात. पण काही ठिकाणी उलटं होतं, तळ्याच्या बुडाखालची गोठणच फुटते आणि अख्खं तळं खाली निघून जातं. सायबेरियाची १९७३ ची आणि १९९७-९८ ची सॅटेलाइट चित्रं शेजारी ठेवून पाहिली तेव्हा चाळीस हेक्टरपेक्षा मोठी तळी १०,८८२ वरून ९,७१२ वर आलेली दिसली. त्यामुळं टुंड्रा ओला होतोय की कोरडा असं कुणी एका शब्दात विचारलं तर उत्तर देऊ नकोस, कुठला टुंड्रा ते आधी विचार. ओल राहिली तिथं लव्हाळ्यासारखी गवतं वाढतात, निचरा झाला तिथं झुडपं घुसतात.

"वनमहोत्सवाला दरवर्षी शाळेच्या पोरांना घेऊन झाडं लावली, निम्मी एप्रिल-मेमध्ये गेली. आणि तिकडं न लावता फुकटात हिरवं होतंय तर लोक रडतायत. मला हे काही पटलं नाही बघा." (निवृत्त शिक्षक, निपाणी)

गुरुजी, तुमचंच पत्र वाचून हे पान करायचं ठरवलं, कारण असंच वाटणारे तुम्ही एकटे नाही.

पहिल्यांदा काय वाढतंय ते बघू. मुख्य म्हणजे झुडपं. विलो (आपल्या नदीकाठच्या वाळुंजाच्या कुळातलं), आल्डर, आणि बुटका बर्च, जो भूर्जाच्या घरातला. हे सगळं टुंड्रात आधीपासून होतंच, पण जमिनीला चिकटून, बोटभर नाहीतर वीतभर, आता ते उंच होतंय आणि पसरतंय. याचा भारी पुरावा असा मिळाला, की १९४८ ते ५० च्या सुमारास अमेरिकन नौदलानं अलास्काच्या उत्तर भागात तेल शोधताना विमानातून फोटो काढून ठेवले होते, झुडपांशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. पन्नास वर्षांनी मॅथ्यू स्टर्म नावाच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी त्याच जागा, तोच कोन पकडून परत फोटो काढले आणि २००१ मध्ये छापले. जुन्या फोटोत नदीकाठ आणि उतार उघडे, नव्या फोटोत तिथंच झुडपांचे दाट ठिपके. ग्राफ-बिफ न समजणाऱ्यालाही ते दिसतं.

शिवाय १९९० पासून आर्क्टिकमध्ये, म्हणजे उत्तर ध्रुवाभोवतीच्या प्रदेशात, ठिकठिकाणी एक साधा प्रयोग चालू आहे. पारदर्शक, वरून उघड्या, गुडघ्याएवढ्या षटकोनी चौकटी जमिनीवर ठेवायच्या, आतली हवा एक ते तीन डिग्रीनं गरम राहते, आणि मग वर्षानुवर्षं आतली आणि बाहेरची झाडं मोजत बसायचं. इंटरनॅशनल टुंड्रा एक्सपेरिमेंट असं नाव. त्यात बहुतेक ठिकाणी निघालं हेच, की झुडपं आणि गवतं वाढली, उंच झाली, वाळका पालापाचोळा वाढला, आणि शेवाळ आणि लायकेन कमी झाले.

लायकेन म्हणजे बुरशी आणि शैवाल यांची जोडी. तुमच्या घरी काळ्या मसाल्यात जे दगडफूल पडतं ना, तेही लायकेनच. टुंड्रातला रेनडिअरचा लायकेन त्याचाच लांबचा भाऊबंद, फिकट राखाडी, स्पंजसारखा, वर्षाला काही मिलिमीटर वाढणारा, एकदा गेला की परत तेवढा व्हायला कित्येक दशकं जातात. उन्हाची सवय असलेल्या या बिचाऱ्यावर झुडपाची सावली आणि वर पाचोळा पडला की संपलं. आणि हिवाळ्यात रेनडिअरचं पोट त्याच्यावरच असतं! सॅटेलाइटला मात्र लायकेनचा राखाडी रंग हिरवा वाटतच नाही, म्हणजे तो मरून तिथं झुडूप आलं की फोटोत "सुधारणा" दिसते.

अजून एक चक्र आहे. उंच झुडपं वाऱ्यानं उडणारा बर्फ अडवतात, तिथं जाड थर साचतो, आणि बर्फाचा जाड थर म्हणजे जमिनीवर घातलेली वाकळ, त्याच्याखाली हिवाळ्यातही माती फार गार पडत नाही, जंतू काम करत राहतात, खत सुटतं, पुढच्या उन्हाळ्यात झुडूप अजून फोफावतं. वसंतात काळ्या फांद्या बर्फाच्या वर येतात आणि ऊन परत फेकायच्या ऐवजी पिऊन घेतात. आता खरं सांगायचं तर याची दुसरी बाजूपण आहे, उन्हाळ्यात झुडपाच्या सावलीनं खालची माती थंडही राहते, त्यामुळं झुडूप आलं की गोठण वितळलीच असं सरसकट म्हणता येत नाही. आणि सगळीकडं हिरवंच होतंय असंही नाही. ऐन हिवाळ्यात चार दिवस ऊब आली, बर्फ गेला आणि परत कडाका पडला की उघडी पडलेली झाडं जळून जातात, असे तपकिरी पट्टेपण सॅटेलाइटला दिसतात.

गुरुजी, एकदा ऑगस्टच्या शेवटी चोर्ल्याच्या नाहीतर कणकुंबी-जांबोटीकडच्या एखाद्या सड्यावर पोरांना घेऊन जा. कातळावर इंचभर माती, झाड एक नाही, सरकारी कागदावर बहुतेक "पड". आणि त्याच कातळावर सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू, तीन महिन्यांत उगवून फुलून बी टाकून मोकळे. तिथं खड्डे मारून अकेशिया लावला तर लांबून हिरवं दिसेल की, पण त्या सावलीत हे एक फूल येणार नाही. आपल्याकडं माळ दिसला की लोकांच्या हाताला खाज सुटते, निलगिरी लावा, अकेशिया लावा, हा राग माझा जुना आहे, त्यामुळं उत्तर जरा लांबलं. तुमची झाडं वाईट असं म्हणत नाही मी, शाळेच्या आवारात, रस्त्याकडेला लावा की. फक्त हिरवं दिसलं की तिथं आधी काय होतं तेवढं विचारायचं.

"ताई, आम्ही धनगर. मी बी.एस्सी. करतोय पण वडील अजून बकऱ्यांमागं असतात. टुंड्रात पण लोक रेनडिअर घेऊन फिरतात असं वाचलं. बर्फ कमी झाला तर त्यांचं सोपंच व्हायला पाहिजे ना? चारा उघडा पडेल." (चिकोडी तालुका)

बरोबर लाइनवर आहेस, पण एक गोष्ट मधे येते, पाऊस.

रेनडिअरला (अमेरिकेत यालाच कॅरिबू म्हणतात, प्राणी एकच) बर्फाची अडचण नाही. मऊ बर्फ असला तर खुरानं उकरून खालचा लायकेन काढून खातो, वास त्याला वरूनच लागतो. घात होतो तो हिवाळ्यात बर्फावर पाऊस पडला की. पाणी बर्फात मुरतं, लगेच थंडी पडते आणि चाऱ्यावर काचेसारखा कडक थर बसतो, खूर आपटून आपटून फुटत नाही. रशियाच्या यमाल भागात नेनेत्स लोक पिढ्यान्‌पिढ्या हजारोंचे कळप घेऊन उन्हाळ्यात उत्तरेला, हिवाळ्यात दक्षिणेला फिरतात. तिथं नोव्हेंबर २०१३ मध्ये असा पाऊस झाला आणि त्या हिवाळ्यात ६१,००० रेनडिअर उपाशी मेले. त्याआधी २००६ मध्ये २०,००० गेले होते. किती घरं उघड्यावर आली असतील, तुला सांगायला नको, अवकाळी पावसाच्या एका गारठलेल्या रात्रीत बकरी कशी आडवी होतात ते तुमच्या घरानं बघितलेलं असणार. असे पाऊस तिथं का वाढले, तर बॅरेंट्स आणि कारा समुद्रावरचा बर्फ शरदात उशिरा धरतो, उघडं पाणी वाफ सोडतं, ती जमिनीवर येऊन पडते. कॅनडाच्या बँक्स बेटावर २००३ च्या ऑक्टोबरात असंच झालं, तिथं मस्क ऑक्स नावाचे केसाळ बैलासारखे प्राणी सुमारे वीस हजार मेले.

दुसरं, रोग. फाशी रोग तुझ्या वडिलांना विचार, अँथ्रॅक्स. २०१६ च्या उन्हाळ्यात यमालमध्ये पारा ३५ डिग्रीपर्यंत गेला, जमीन नेहमीपेक्षा खोल सुटली आणि पूर्वी कधीतरी मेलेल्या जनावरांबरोबर गाडले गेलेले जंतू वर आले. त्या भागात १९४१ नंतर हा रोग झालाच नव्हता. दोन हजारांवर रेनडिअर मेले, डझनावारी माणसं दवाखान्यात गेली, बारा वर्षांचा एक मुलगा दगावला. यात नुसता उष्णतेचा दोष म्हणून चालणार नाही, रेनडिअरना लस टोचणं २००७ मध्ये बंद केलं होतं, इतकी वर्षं रोग नाही तर कशाला म्हणून. तुमच्याकडं डॉक्टर लस घेऊन आले तर वाडा लांब आहे म्हणून टाळू नका एवढंच.

रानटी कळपांचं बघायचं तर २०२४ च्या आर्क्टिक रिपोर्ट कार्डमध्ये (अमेरिकेची नोआ संस्था दरवर्षी काढते) आहे, की टुंड्रातले स्थलांतर करणारे कॅरिबू दोन-तीन दशकांत ६५ टक्क्यांनी घटले. कॅनडातला बाथर्स्ट नावाचा कळप १९८६ मध्ये चार लाख सत्तर हजारांच्या आसपास होता, २०१८ मध्ये ८,२०० उरला. कारणं बरीच आहेत, उन्हाळ्यात डास आणि माश्या इतक्या चावतात की जनावर चरायचं सोडून वाऱ्याच्या कड्यावर जाऊन उभं राहतं, शिवाय खाणी आणि रस्ते, आणि हे कळप मुळात वर-खाली होणारेच. पण सगळीकडं रडगाणं नाही. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवर रेनडिअर उलट वाढलेत, कारण उन्हाळा लांबला आणि चारा जास्त. फक्त अंगानं लहान झालेत, १९९४ ला जन्मलेल्या माद्या मोठ्या होऊन ५५ किलो भरायच्या, २०१० ला जन्मलेल्या ४८ च्या आसपास. संख्या वाढली, मग हिवाळ्यात वाटणी वाढली, आणि वर पावसाचा कडक थर.

आणि हे तुझ्या कामाचं आहे, प्रोजेक्टला घे पाहिजे तर. ग्रीनलंडमध्ये जमिनीच्या तुकड्यांना कुंपण घालून रेनडिअर आणि मस्क ऑक्स आत येऊ दिले नाहीत, तेव्हा कुंपणाच्या आत झुडपं जोरात वाढली, बाहेर चरणारे होते तिथं दबून राहिली. म्हणजे चरणारं जनावर माळाला माळ ठेवतं. चराई म्हणजे नासधूस असं तुझ्या पुस्तकात लिहिलेलं असेल तर त्याच्या शेजारी हे पण लिहून ठेव.

"ध्रुवीय अस्वलाचं काय? त्याबद्दल तुम्ही लिहिलंच नाही." (शहापूर, बेळगाव)

नाही लिहिलं, कारण ते मुख्यतः समुद्रावरच्या बर्फाचं जनावर, सील मारून खाणारं. गर्भार मादी काही ठिकाणी किनाऱ्याच्या जमिनीत गुहा करते, बर्फ गेला की उपाशी अस्वलं किनाऱ्यावर अडकतात, तेवढाच टुंड्राशी संबंध. फोटो सगळे त्याचेच छापतात म्हणून बाकीच्यांकडं कुणाचं लक्ष जात नाही.

"मी सहावीत आहे. पांढरा कोल्हा आणि लाल कोल्हा यांचं भांडण होतं का? आणि कोण जिंकतो?" (हुक्केरी)

होतं बाळा, आणि लाल जिंकतो. तो अंगानं मोठा, कधीकधी पांढऱ्याला मारूनही टाकतो आणि त्याचं बीळ घेतो. आधी काय व्हायचं, की टुंड्रात इतकी थंडी आणि खायला इतकं कमी की लाल कोल्ह्याला तिथं परवडायचंच नाही. आता थंडी कमी झाली, आणि माणसांचा कचरा, रस्त्यावर गाडीखाली मेलेली जनावरंपण खायला मिळायला लागली, मग तो वर सरकला. नॉर्वेत पांढरे कोल्हे खूपच कमी उरले म्हणून माणसांनी पिल्लं पाळून, मोठी करून डोंगरात सोडली आणि त्यांच्यासाठी खाण्याचे डबेपण ठेवलेत, ज्यांच्या तोंडाला बारीक पाइप असतो, पांढरा आत शिरतो, लाल शिरत नाही!

पांढऱ्याचं आवडतं खाणं म्हणजे लेमिंग, उंदरासारखा गुबगुबीत प्राणी. तो हिवाळ्यात झोपत नाही, बर्फाच्या त्या वाकळीखाली बोगदे करून फिरतो, शेवाळ खातो, पिल्लंपण तिथंच घालतो. दर तीन ते पाच वर्षांनी लेमिंग खूप खूप होतात, आणि त्या वर्षी कोल्ह्यांना, हिमघुबडांना भरपूर पिल्लं होतात. पण मधेच बर्फ वितळून परत गोठला तर बोगद्यात पाणी शिरतं, खाणं बर्फात अडकतं. नॉर्वेच्या दक्षिण डोंगरात १९९४ नंतर बरीच वर्षं ते खूप लेमिंगचं वर्ष आलंच नाही, आणि ग्रीनलंडच्या पूर्व भागात २००० च्या सुमाराला तसंच झालं, तिथं हिमघुबडांची पिल्लं दिसेनाशीच झाली. चित्र काढणार असशील तर बर्फ अर्धा कापून दाखव, वर कोल्हा कान लावून उभा आणि खाली लेमिंग.

"मी आणि मैत्रिणी रविवारी दुर्बीण घेऊन पक्षी बघायला जातो, घटप्रभेला, हिडकलला. थंडीत येणारे पाहुणे खरंच टुंड्रातून येतात का, आणि तिकडच्या बदलाचा त्यांच्यावर काय परिणाम?" (टिळकवाडी)

सगळे नाही. ते पट्टेरी डोक्याचे हंस तिबेट-मंगोलियाकडचे, क्रौंच मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशातले. पण पाणी उतरल्यावर काठच्या चिखलात जे चिमणीएवढे, करडे, एक क्षण स्थिर न राहणारे पक्षी थव्यानं टोचत फिरतात, लिटल स्टिंट, तो पक्का टुंड्राचा. वजन वीस ते तीस ग्रॅम, अंडी घालतो नॉर्वे-सायबेरियाच्या उत्तर टोकाला आणि हिवाळ्याला आपल्याकडं. कर्ल्यू सँडपायपर, पॅसिफिक गोल्डन प्लोव्हर हेही तिकडचेच. मैत्रिणींना सांगा, सप्टेंबरपासूनच बघायला लागायचं, डिसेंबरची वाट बघू नका.

त्यांची अडचण वेळेची आहे. टुंड्रातला उन्हाळा दीड-दोन महिन्यांचा, किडे एकदम उसळतात आणि ओसरतात, पिल्लं नेमकी त्या दिवसांत अंड्याबाहेर यायला पाहिजेत. बर्फ आता लवकर वितळतो, किडे लवकर येतात, पण पक्षी निघतो इथून, हजारो किलोमीटर लांबून, तिकडं बर्फ गेला की नाही हे त्याला इथं बसून कसं कळणार? तो बराचसा दिवसाच्या लांबीवर निघतो आणि दिवसाची लांबी काही बदललेली नाही. रेड नॉट नावाच्या त्यांच्याच जातभाईचा अभ्यास झालाय, सायबेरियाच्या तैमिरमध्ये तेहतीस वर्षांत बर्फ दरवर्षी साधारण अर्धा दिवस लवकर जायला लागला, गरम वर्षांतली पिल्लं अंगानं लहान आणि चोचीनं आखूड निघाली, आणि मग गंमत बघा, गंमत कसली, ती पिल्लं हिवाळ्याला आफ्रिकेत मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर गेली तेव्हा वाळूत खोल असलेले शिंपले त्या आखूड चोचीला पोचेनात. नुकसान सायबेरियात झालं आणि पक्षी मेला आफ्रिकेत. २०१६ मध्ये हे छापून आलं तेव्हापासून चिखलातला कुठलाही छोटा पक्षी बघताना मी पहिल्यांदा चोच बघते, सवयच लागलीय.

ग्रीनलंडच्या कांगेरलुसुआकजवळ कॅरिबूंचंही असंच दिसलं, कोवळा चारा लवकर फुटायला लागला, विण्याची तारीख तेवढी सरकली नाही, वासरं जास्त मरायला लागली.

"फायदा कुणाचाच नाही का?" (येळ्ळूर)

आहे की. बीव्हर, तो दातांनी झाडं पाडून बांध घालणारा. पन्नासच्या दशकातल्या फोटोत पश्चिम अलास्काच्या टुंड्रात त्याचा पत्ता नव्हता, आता तिथं त्याची बारा हजारांवर तळी मोजलीत आणि वीस वर्षांत ती जवळपास दुप्पट झाली. त्याला खायला, बांधायला झुडपं मिळाली. तळं झालं की खालची गोठण अजून सुटते, मासेमारी करणाऱ्या गावांच्या वाटा अडतात, पण बीव्हर खुश. मूस नावाचं मोठं हरीणही झुडपांमागोमाग उत्तरेला गेलंय.

"२०१९ च्या ऑगस्टात मार्कंडेय, मलप्रभा, घटप्रभा सगळ्या एकदम आल्या, घरं गेली. टीव्हीवर म्हणतात ध्रुव तापला म्हणून असं होतं. मग त्या टुंड्रातल्या झुडपांचा आणि आमच्या पुराचा संबंध काय?" (गोकाक)

दादा, झुडपापासून तुमच्या उंबऱ्यापर्यंत सरळ दोरी ओढता येत नाही, आणि कुणी ओढून दाखवत असेल तर चॅनेल बदला. संबंध आहे तो हवेतून. पर्माफ्रॉस्टच्या प्रदेशात हजारो वर्षांचा न कुजलेला पालापाचोळा पुरलेला आहे, त्यातला कार्बन सुमारे १.४ ते १.६ लाख कोटी टन, म्हणजे आत्ता सगळ्या हवेत आहे त्याच्या जवळपास दुप्पट. माती सुटली की जंतू तो खातात, कोरड्या जागी कार्बन डायऑक्साइड निघतो, पाणथळ जागी मिथेनही. झुडपं वाढताना थोडा कार्बन परत ओढतात हे खरं, म्हणून बरीच वर्षं वाद होता की हिशोब जमेत की तोट्यात. त्यात आग आली. २००७ मध्ये अलास्कातल्या अनाक्तुवुक नदीजवळ वीज पडून टुंड्रा पेटला, हजार चौरस किलोमीटरच्या वर जळाला, एका आगीत एकवीस लाख टन कार्बन हवेत गेला. आणि त्या २०२४ च्या रिपोर्टात नोंद आहे, की आगी धरल्या तर टुंड्रा आता कार्बन साठवणारा राहिला नाही, सोडणारा झालाय.

ही हवा सगळ्यांची एकच. आर्क्टिक १९७९ पासून बाकी जगाच्या जवळपास चौपट वेगानं तापतंय, तिथून जे निघेल ते सगळ्या पृथ्वीच्या तापमानात भर घालणार, आणि गरम हवा जास्त वाफ धरते म्हणून एकाच दमात कोसळणारा पाऊस वाढतो. एवढाच धागा आहे, पण पक्का आहे. पुराचं बाकीचं, धरणातून पाणी कधी सोडलं, नाल्यात घरं कुणी बांधू दिली, त्याचा जाब मात्र इथंच विचारायचा, ते टुंड्रावर ढकलू नका!

"असं काम करायला काय शिकावं लागतं? परदेशातच जावं लागतं का?" (बी.एस्सी. वनस्पतिशास्त्र, बेळगाव)

लोंढ्याहून वास्कोची गाडी धर. वास्कोच्या हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, भारताच्या अंटार्क्टिका आणि आर्क्टिकच्या मोहिमा तिथूनच चालतात. स्वालबार्डमध्ये न्यू ओलेसुंड इथं २००८ पासून आपलं 'हिमाद्री' नावाचं केंद्र आहे, तिथं बर्फ, हवा, समुद्र यांच्याबरोबर जंतू आणि वनस्पतींवरही काम होतं. एम.एस्सी. पूर्ण कर, नेट दे, मग पीएच.डी.साठी अर्ज. पण त्याच्याआधी दोन गोष्टी शीक ज्या बेळगावातच फुकट शिकता येतात, एक म्हणजे गवतं आणि लायकेन ओळखणं, कारण फुलंझाडं सगळ्यांना येतात आणि गवत कुणाला येत नाही, आणि दुसरं आकडेवारी. आर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. जांबोटीच्या सड्यावर एक मीटरचा चौकोन आखून त्यात काय काय उगवतं ते जून ते ऑक्टोबर दर पंधरा दिवसांनी लिहून काढ, टुंड्रात पहिल्या दिवशी हेच करायला लावतील. कॅमेरा नेलास तर फोटो प्रत्येक वेळी त्याच दगडावरून काढ.

(पुढच्या अंकात मिरची, घाटावरची जळू, आणि विहिरीचं पाणी उन्हाळ्यात गार का लागतं. प्रश्न एका पानात बसवा आणि गावाचं नाव लिहायला विसरू नका.)